पलंगाखालचा सर्व्हर

लातूर
२० जून २०१२, बुधवार
(आज नळाचा दिवस न्हाई, म्हणून हात मोकळा हाय)

तीर्थस्वरूप तारामती अक्कांस,

धाकट्या जावेचा, म्हणजे चतुराबाईचा, वाकून नमस्कार. भावजींनाही सांगा. इकडं आम्ही तिघंही धडधाकट. तुमच्या गुडघ्याचं कसं हाय? तेल लावता का नुसतं कण्हता? भावजींचा खोकला मिरचीच्या आडतीत दिवसभर बसून जायचा न्हाई, हे मी मागंच सांगितलं होतं. धर्माबादेत माझं कोण ऐकतंय. तीन वर्षांत मी चार येळा फोन लावला, चारी येळा भावजींनी उचलला आणि "ती देवाला बसलीय" म्हणाले. अक्का, दुपारी तीन वाजता कुणी देवाला बसत न्हाई. म्हणून पत्र लिहून राहिले. पत्र दाराखालून आत येतं, त्याला देवाला बसल्याचं सांगता येत न्हाई. अक्षर चौथी शिकलेल्या बाईचं हाय, ऋतुजाला दाखवलेलं न्हाई, चुका दिसल्या तर गिळा. आणि आधीच सांगते, निलंग्याच्या लग्नात भर पंगतीत मी तुमच्या येसरच्या आमटीला पातळ म्हणाले होते, त्याबद्दल हे पत्र न्हाई. हे पत्र कॉम्प्युटरबद्दल हाय.

तुम्ही आमच्या ऋतुजाला शेवटचं पाहिलं तेव्हा ती कॉलेजात होती. आता कॉम्प्युटरची पदवी घेऊन बसलीय. पुण्याच्या एका कंपनीचं नोकरीचं पत्र आलं, ते मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवलं (लपवलं न्हाई, ठेवलं). एकुलती एक पोर, ती पुण्याला गेली म्हणजे दिवाळीला पाहुणी म्हणून येणार आणि मला ताटाभोवती रांगोळी काढावी लागणार. मला ते जमणार न्हाई. पण इथं राहून करायचं काय? तर लातुरात आता जो उठतो तो क्लास काढतो. आमच्या गल्लीत रसवंतीच्या वर फिजिक्स हाय, चपलेच्या दुकानावर केमिस्ट्री, आणि जिथं पूर्वी म्हशी बांधायचे तिथं बायोलॉजी. गावोगावच्या पोरी डॉक्टर व्हायला येतात आणि त्यातल्या बासष्ट माझ्या मेसमध्ये दोन येळ जेवतात (माझी आमटी चाटूनपुसून खातात, ताटं धुवावी लागत न्हाईत). तर ऋतुजा म्हणाली, आई, क्लासवाल्यांना प्रश्न लागतात, आम्ही प्रश्न तयार करून देऊ. आम्ही म्हणजे तिघं. ती, तिच्या वर्गातला भोकरचा राघवेंद्र, आणि निलंग्याचा अवधूत, जो फिजिक्स शिकलाय आणि ते विसरू देत न्हाई. क्लासवाल्या गुरुपादप्पा सरांनी काम दिलं. आठ हजार प्रश्न, उत्तरांसकट, कॉम्प्युटरवर परीक्षा घेता येईल असे. पंधरा जूनच्या आत द्या, न्हाई तर मी हैदराबादहून तयार मागवतो, म्हणाले. ऋतुजानं माझ्याशी बोली केली: काम वेळेत गेलं तर लातुरात राहीन. न्हाई गेलं तर साड्यांतलं पत्र काढून दे. (म्हणजे तिला जागा ठाऊक होती.)

मागच्या खोलीत तिघं बसायला लागले. सुरुवातीला एकच फाईल पेनड्राईव्हवर घालून ह्याच्याकडून त्याच्याकडं. मी एकदा पडद्यावर पाहिलं तर नावं अशी: फायनल. फायनल नवी. फायनल खरी. फायनल खरी ऋतुजाची. हीच घ्या. आणि सगळ्यांत खाली, ही घेऊ नका. एक दिवस अवधूतनं जुन्या फाईलवर काम केलं, ती नवीच्या डोक्यावर ठेवली, आणि राघवेंद्रचे दोनशे प्रश्न गेले. राघवेंद्र नुसता चष्मा पुसत बसला. लई येळ पुसला. मला ते दुखणं समजलं, कारण त्याच आठवड्यात मी डाळीत मीठ घातलं, आमच्या ह्यांनी चव न बघता परत घातलं, आणि ऋतुजानं जाता जाता चिमूटभर. तिघांचंही मन चांगलं. डाळ मात्र नाल्याला गेली.

तेव्हा ऋतुजा म्हणाली, आता सर्व्हर बसवू. अवधूतनं बंद पडलेल्या नेट कॅफेतून एक जुना डबा उचलून आणला. कॉम्प्युटरचं नुसतं पोट, तोंड न्हाई. मी म्हटलं, बाहेरच्या कंपन्या त्यांच्या मशीनवर जागा देतात म्हणता, मंग हे घोंगडं घरात कशाला? तर तिघंही एकदम अंगावर आले, काकू, प्रश्न फुटले तर? लातुरात पोरीचं लग्न मोडल्याचं दुःख चार दिवस राहतं, प्रश्न फुटल्याचं वर्षभर. आपला माल आपल्या घरात, हे मला पटलं. व्यवस्थेचं नाव गिट. ऋतुजानं भाकरी थापता थापता समजावलं (थापत मी होते, समजावत ती). सर्व्हरवर सगळं काम ठेवलेलं. ज्याला काम करायचं त्यानं त्याची नक्कल आपल्या मशीनवर न्यायची. नक्कल म्हणजे सातबाऱ्याच्या नकलेसारखी एक पान न्हाई, सगळं दफ्तरच, पहिल्या दिवसापासूनचं. तिच्यात बदल करायचा आणि परत चढवताना एक चिठ्ठी जोडायची: काय बदललं, का बदललं. कुणी बदललं ते मशीन आपणच लिहितं. जुनं काही पुसलं जात न्हाई. आणि दोघांनी एकच ओळ दोन तऱ्हेनं बदलली, तर मशीन कुणाचीच बाजू घेत न्हाई. थांबतं, आणि दोन्ही समोर ठेवून म्हणतं, बसा आणि ठरवा. मला हे लई आवडलं. मी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वही बांधली आणि ह्यांना सांगितलं, पातेल्यात काहीही घातलं की लिहायचं. ह्यांनी आठ दिवसांत एकच नोंद केली, "चव पाहिली."

सर्व्हर ठेवायचा कुठं यावर मात्र माझं आणि पोरांचं वाजलं. त्यांना माळ्यावर ठेवायचा होता, हवा लागते म्हणून. अक्का, तुम्हाला तरी सांगायला नको. त्र्याण्णवच्या भूकंपाच्या त्या पहाटेपासून माझ्या घरात डोक्याच्या वर जड वस्तू राहत न्हाई. माळ्यावर माझ्या नुसत्या रिकाम्या टोपल्या असतात. मी आजही लोखंडी पलंगावर झोपते आणि पलंगाखाली माणूस मावेल एवढी जागा ठेवते. ऋतुजा त्या वर्षी चार वर्षांची होती, तिला काही आठवत न्हाई, ती म्हणते, आई, आता लातुरात सहा मजली घरं झाली. झाली असतील. मी सांगितलं, जे जपायचं ते पलंगाखाली जाईल. आणि नुसता सर्व्हर न्हाई, ऋतुजाचं आणि अवधूतचं मशीनही खाली, जमिनीवर. पडदे टेबलावर राहू द्या, पडदे पडले तर पडले. राघवेंद्रचा तेवढा लॅपटॉप होता, तो मांडीवर घेऊन बसायचा, त्याला मी सोडलं. एकाला एक लागून मांडलेल्या तीन गाठोड्यांसारखी ती मशीनं पलंगाखाली गुंगुं करायची. मला त्या आवाजानं छान झोप लागायची. मी जिम्मेदारीनं केलं होतं सगळं.

मार्च, एप्रिल झकास गेले. चिठ्ठ्या वाचायचा मला नादच लागला. संध्याकाळी ऋतुजा वाचून दाखवायची. राघवेंद्र सविस्तर लिहायचा, "प्रश्न ४१२ ते ४३० तपासले, ४१९ मध्ये एकक चुकले होते." मास्तरांचा मुलगा, पत्रिका लिहिल्यासारखा लिहायचा. अवधूत प्रत्येक येळी एकच लिहायचा, "किरकोळ बदल." मी त्याला विचारलं, बाबा, किरकोळ म्हणजे किती? तो म्हणाला, काकू, ज्याला समजतं त्याला समजतं. मेमध्ये एका प्रश्नावरून पेटलं. गाडी उतारावरून येते, खाली किती वेगानं पोचेल. राघवेंद्रनं उत्तर क लिहिलं. अवधूतनं ते ब केलं. राघवेंद्रनं परत क. अवधूतनं परत ब. दोघं एकाच खोलीत, चार हातांवर बसलेले, एकमेकांना चहाचा कप देताहेत, आणि भांडण सगळं चिठ्ठ्यांतून चाललंय. ऋतुजानं मला वाचून दाखवल्या त्या अशा: "उत्तर क आहे." "उत्तर ब आहे." "ब लिहिणाऱ्याने अकरावीचे पुस्तक उघडावे." "क लिहिणाऱ्याने डोळे उघडावेत." "भोकरला फिजिक्स शिकवतात का?" "निलंग्याला माणुसकी शिकवतात का?" तेराव्या चिठ्ठीला राघवेंद्रनं चष्मा पुसला, लॅपटॉप पिशवीत घातला, मला वाकून नमस्कार केला (संस्कार बघा) आणि भोकरची गाडी धरली. मी अवधूतला म्हटलं, थांबव त्याला. तर म्हणतो, जाऊ द्या काकू, सगळं सर्व्हरवर हाय, माणसावाचून काही अडत न्हाई.

त्यानंतर दहा दिवसांनी नळ आला. तुमच्याकडं गोदावरी हाय, तुम्हाला कळायचं न्हाई. आमच्याकडं नळ आठव्या दिवशी येतो आणि किती वाजता ते त्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून तोटी कुणी बंद करत न्हाई. पाइप हौदात सोडून ठेवायचा, कधी का येईना, हौद भरतो. त्या खेपेला तो सातव्याच दिवशी आला, ऐन दुपारी, मी पुढच्या शेडमध्ये मुलींना वाढत असताना. ऋतुजा आणि अवधूतही तिथंच जेवत होते. पाइप हौदाच्या बाहेर, मागच्या खोलीच्या दाराशी पडलेला होता (कसा पडला कोण जाणे, आमच्या ह्यांना पाइप ठेवायची रीत कधी यायची देव जाणे). मी वाटी घ्यायला मागं गेले तर उंबऱ्यावरून पाणी माझ्या स्वागताला आलं. खोलीत वीतभर. माझी एक चप्पल पलंगाखालून पोहत बाहेर आली. गुंगुं बंद. तिन्ही मशीनं पाण्यात बसलेली, जपून ठेवलेली.

अक्का, मी त्र्याण्णवला रडले न्हाई, तुम्ही साक्षीला होतात. त्या दिवशी मात्र ऋतुजाचं तोंड बघून मी पदर डोळ्याला लावला. ती ओरडली असती तर मी दोन ओरडले असते. ती नुसती म्हणाली, "आई, पत्र काढून ठेव." कॉम्प्युटरच्या दुकानदारानं मशीनं उलटी केली, पाणी गाळलं, म्हणाला, पुण्याला पाठवून बघू, महिना लागेल, निघेल न निघेल. आमच्याकडं दिवस होते चौदा. तेवढ्यात अवधूत कोपऱ्यातून म्हणाला, "काकू, एक नक्कल शाबूत हाय." मी म्हटलं, कुणाकडं? त्याला नाव घेता येईना. छताकडं बघत म्हणाला, जो गेला त्याच्याकडं. मला आधी पटेना. जो रुसून गेला, ज्याला तुम्ही हाकलल्यासारखं केलंत, त्याच्याकडं तुमचं सगळं कसं? तर ऋतुजा डोळे पुसत म्हणाली, आई, सांगितलं होतं ना, नक्कल नेतो तो सगळं दफ्तर नेतो. गेला त्या दिवसापर्यंतचं सगळं त्याच्या पिशवीत हाय. मी म्हटलं, मंग लावा फोन. लावला. त्याच्या आईनं उचलला, म्हणाली, तो अंघोळीला गेलाय. दुपारी तीन वाजता. (ही पद्धत मला ओळखीची वाटली.)

दुसऱ्या दिवशी मेसचं ह्यांच्या अंगावर टाकलं, अवधूतला मनगटाला धरलं आणि नांदेडच्या एसटीत घातलं. नांदेडहून भोकर. वाटेत अवधूत दोनदा म्हणाला, काकू, माझंच उत्तर बरोबर हाय. मी दोनदा सांगितलं, खिडकी लाव, धूळ येतीय. भोकरला राघवेंद्रच्या आईनं पाणी दिलं, चहा दिला, आणि पोराचा दोष कसा न्हाई ते सांगायला बसली. मला एवढा धीर कुठला. मी म्हटलं, बाई, तुमचा पोरगा बाहेर काढा, न्हाई तर मी आत जाते. तो आला, चष्मा पुसत. मी मधे पाट टाकला, दोघांना समोरासमोर बसवलं, एक कोरा कागद, एक पेन, आणि सांगितलं, मशीन बुडालं, आता मशीनचं काम मी करते. मी कुणाच्या बाजूची न्हाई. ठरवा.

पाऊण तास गाडी उतारावरून येत होती. मंग दोघांचीही बोटं कागदावर एकाच ओळीवर थांबली. प्रश्नात उतार किती तिरका ते लिहिलेलंच न्हवतं! ह्यानं आपला उतार धरलेला, त्यानं आपला. ज्याच्या त्याच्या उतारावर जो तो बरोबर. आणि प्रश्न टाइप करताना तेवढंच गाळलं कुणी? आमच्या ऋतुजानं! तेरा चिठ्ठ्या मला रंगवून वाचून दाखवल्या आणि मूळ प्रश्न एकदाही उघडून बघितला न्हाई. अवधूत राघवेंद्रला म्हणाला, "तुझं क बरोबर होतं, तुझ्या उतारावर." तो म्हणाला, "तुझं ब सुद्धा." माफी कुणी मागितली न्हाई, पण राघवेंद्रनं पिशवी उघडली. मी म्हटलं, आधी मला पहिल्या दिवसाचं दाखव. त्यानं दाखवलं. सगळ्यांत खालची, पहिली चिठ्ठी ऋतुजाची होती: "आईने जागा दिली. सुरुवात." मी चहा मागून घेतला. चहा गोड होता, उगंच डोळ्यांत पाणी आलं.

परतीला भोकरच्या स्टँडवर धर्माबादची गाडी लागलेली होती. कंडक्टरनं विचारलं, मावशी, बसताय का? मी म्हटलं, न्हाई, मला मेसला उशीर होतोय. हे उगं सांगितलं.

पुढचं थोडक्यात सांगते. दहा दिवसांचं बुडालेलं काम तिघांनी परत केलं. त्यात खरा वेळ अवधूतलाच लागला, कारण दहाही दिवस "किरकोळ बदल" लिहिणाऱ्याला आपण काय किरकोळ केलं ते आठवत न्हवतं. आता तो चिठ्ठीत दोन ओळी लिहितो, मी बघते. चौदा जूनला काम गुरुपादप्पा सरांकडं गेलं. सरांनी पहिला प्रश्न उघडला तो नेमका उतारावरच्या गाडीचा. वाचला, म्हणाले, "ठीक." लातूरचे सर ठीक म्हणाले म्हणजे दुसरीकडं हार घालतात. त्या संध्याकाळी ऋतुजानं पुण्याचं पत्र मागितलं. माझा हात साडीवरच थांबला. तिनं ओढून घेतलं, पालथं घातलं, आणि मागच्या कोऱ्या बाजूला नळाच्या तारखा लिहून दाराला चिकटवलं. नवा सर्व्हर आता मेसच्या पत्र्याच्या टेबलावर, कमरेएवढ्या उंचीला हाय. वरही न्हाई, खालीही न्हाई. आणि राघवेंद्रच्या आईच्या कपाटात एक नक्कल कायमची, दर महिन्याला तो घरी जाऊन ताजी करणार हाय. सगळं एकाच छपराखाली ठेवायचं न्हाई, हे मी मान्य केलं. एवढं शिकायला मला दोन संकटं लागली.

तर असं आमचं बरं चाललंय. पोरगी घरात हाय, आणखी काय पाहिजे. गुडघ्याला तेल लावा. भावजींना तोंडाला रुमाल बांधून बसायला सांगा. पत्र चुलीत घालू नका, शाई महाग झालीय.

तुमची (मानली तर)
चतुराबाई

ता. क. पाइप हौदातून मीच काढला होता. मागच्या खेपेला नळ आला तेव्हा, मुलींचं हात धुवायचं पिंप भरायला. परत ठेवायचा राहिला. आमच्या ह्यांना अजून वाटतं त्यांचीच चूक, आणि गेले वीस दिवस सकाळचा चहा तेच करून राहिलेत. तुम्ही भावजींना सांगू नका, दोघं फोनवर बोलतात.

आणखी एक. वर मी लिहिलंय की मुली माझी आमटी चाटूनपुसून खातात. ते खरं न्हाई. वाटीत आमटी तशीच राहते. एक भोकरचीच पोर म्हणाली, मावशी, आमच्याकडची येसरची आमटी निराळी असते. सासूबाईंचं येसर, ते आमटीला लावायचं भाजलेलं पीठ, मला वाटतं मी तसंच करते, पण एकोणीस वर्षांत कधी धने वाढवले, कधी हरभऱ्याची डाळ कमी केली, आणि चिठ्ठी एकदाही लिहिली न्हाई. आता मागं जायचं तर जायचं कुठं? सासूबाई घरासोबत गेल्या, त्यांचं मापटं ढिगाऱ्यात गेलं. पण मुसळाच्या दुसऱ्या बाजूला अकरा वर्षं तुम्ही होतात. तुम्ही धर्माबादला गेलात तेव्हा मी समजत होते, तुम्ही तुमचा वाटा नेला. तुम्ही सगळं दफ्तर नेलंय. बाजरी किती, हरभरा किती, कशानंतर काय भाजायचं, सगळं लिहून पाठवा. फोनवर सांगू नका, मी मधेच बोलेन.

शेवटचं. लिहिण्यापेक्षा तुम्हीच या. मुसळ इथं हाय. भोकरच्या स्टँडवर मी धर्माबादच्या गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवला होता, मंग काढला. तुम्हाला एवढंच अंतर उरलंय.

आणि निलंग्याची तुमची आमटी पातळ न्हवती. मी खोटं बोलले. मीठ मात्र कमी होतं.